नाव, हुद्दा आणि नेमणूक : बायबलमधल्या देवाच्या पदव्या आणि चार हिब्रू अक्षरं

चंदीगडच्या सेक्टर ४३ मधून बोलतोय. खिडकी बंद केली आहे, तरी आयएसबीटीकडे वळणाऱ्या बसचा हॉर्न मधूनच ऐकू येईल. ज्यांच्यापर्यंत ही मालिका पुस्तकरूपानं पोचेल, त्यांची त्यातून सुटका.

आजचा विषय ठरवून घेतलेला नाही. एका फोनवरून आला. आमच्या सिग्नल्स युनिटमध्ये एक हवालदार होता, नगर जिल्ह्यातला, आता अहिल्यानगर म्हणायचं. ख्रिस्ती कुटुंब, पिढ्यान्‌पिढ्या मराठी. १९९९ च्या उन्हाळ्यात आम्ही द्रासच्या बाजूला होतो आणि हा माणूस तोफखान्याच्या माऱ्यात तुटलेली केबल जोडायला रात्री बाहेर पडायचा. सुखरूप परत आला, पेन्शनवर गेला, चार वर्षांपूर्वी आजारानं वारला. त्याची पत्नी मला दिवाळीला आणि नाताळाला न चुकता फोन करते. यंदा मध्येच केला, आणि आवाज नेहमीचा नव्हता.

मुलगा पुण्यात नोकरी करतो. मोबाईलवर कुणाची तरी प्रवचनं ऐकायला लागला. त्यात सांगतात की देवाला एकच खरं नाव आहे, ते चार हिब्रू अक्षरांत लिहिलेलं आहे, मराठी बायबलनं ते लपवलं आणि त्या जागी ‘परमेश्वर’ हा दुसऱ्यांचा शब्द घातला. नाव चुकलं की प्रार्थना पोचत नाही. पोरगं सुट्टीत घरी आलं आणि जेवताना आईला म्हणालं, आई, चाळीस वर्षं तू चुकीच्या पत्त्यावर पत्रं टाकलीस.

ती मला म्हणाली, “साहेब, कारगिलच्या वेळेला मी रोज रात्री तुमच्या सगळ्यांची नावं घेत होते. ती मग कुठं गेली?”

त्या यादीत माझंही नाव होतं. म्हणून हा भाग.

आधी माझी बाजू स्पष्ट करतो. मी ख्रिस्ती नाही. वारकरी घरातला आहे, पदवीपर्यंत शिकलेला, मग तीस-बत्तीस वर्षं फौजेत. फौजेत ‘सर्व धर्म स्थल’ नावाची एक खोली असते. एकाच छताखाली सगळे देव, आणि सी.ओ.नं सगळ्यांच्या कार्यक्रमाला हजर राहायचं. तिथं मी बायबल पहिल्यांदा हातात घेतलं. कुणाची प्रार्थना कुठं पोचते, हे सांगणं माझ्या अधिकारात नाही. पण अक्षरांबद्दल आणि शब्दांबद्दल जे दावे केले जातात ते तपासता येतात, आणि मी आयुष्यभर सिग्नल्समध्ये काढलंय. अक्षर चुकलं की काय होतं ते मला ठाऊक आहे.

फौजेत एका माणसाला तीन प्रकारांनी ओळखतात. एक त्याचं नाव. दुसरा हुद्दा : हवालदार, मेजर, कर्नल. तिसरी नेमणूक : ॲडज्युटंट, क्वार्टरमास्टर, कमांडिंग ऑफिसर. वायरलेसवर तर नाव घ्यायचंच नाही असा नियम, पदासाठी ठरलेला शब्द वापरायचा. समोरच्याला बरोबर कळतं कोण बोलतंय ते. बायबलमधले देवासाठीचे शब्दही असेच तीन थरांत लावून पाहा, अर्धा गोंधळ तिथंच मिटतो.

सर्वसाधारण शब्द ‘एल’ आणि ‘एलोहीम’. मराठी बायबलमध्ये याला ‘देव’ म्हटलंय. उत्पत्तीच्या पहिल्या वाक्यात हाच येतो. ‘एलोहीम’ गंमतीचा शब्द आहे. शेवटचा ‘ईम’ हा हिब्रूतला अनेकवचनाचा प्रत्यय. म्हणजे रूप अनेकवचनी, पण इस्राएलच्या देवासाठी वापरलं की क्रियापद सहसा एकवचनी. आपण मराठीत ‘साहेब आले’ म्हणतो तेव्हा माणूस एक असून क्रियापदही अनेकवचनी करतो. हिब्रूत कर्ता अनेकवचनात आणि क्रियापद एकवचनात, ‘साहेब आला’ म्हटल्यासारखं. पण तिथं त्यात अनादर नाही. ख्रिस्ती विवेचकांपैकी काहींनी या अनेकवचनात त्रैक्याची, म्हणजे पिता-पुत्र-पवित्र आत्म्याची, चाहूल ऐकली. मला ते ओढूनताणून वाटतं. त्रैक्याचा सिद्धान्त उभा करायला ख्रिस्ती धर्मशास्त्राकडे याहून भक्कम आधार आहेत, त्यासाठी हिब्रू व्याकरणाच्या एका प्रत्ययाला वेठीला धरायची गरज नाही.

‘एल’ला जोडून पदव्या तयार होतात. ‘एल एल्योन’ म्हणजे सर्वांहून उंच, मराठीत ‘परात्पर देव’. ‘एल शद्दाय’ म्हणजे ‘सर्वसमर्थ’. या ‘शद्दाय’च्या मुळाबद्दल पंडितांत एकमत नाही. कुणी पर्वताकडे बोट दाखवतो, कुणी आईच्या स्तनांकडे. ‘सर्वसमर्थ’ हे भाषांतर ग्रीकच्या वाटेनं आलेलं आहे. याच ‘शद्दाय’चं पहिलं अक्षर ‘शीन’ ज्यू घरांच्या दारचौकटीवरच्या मेझुझा नावाच्या छोट्या डबीवर दिसतं. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल घरांच्या चौकटींवरही.

माणसांच्या नावांत हा ‘एल’ सर्रास बसलाय. दानिएल म्हणजे देव माझा न्यायाधीश. मीखाएल म्हणजे देवासारखा कोण? रफाएल म्हणजे देव बरं करतो. इथं चंदीगडकरांना एक आठवण करून देतो. १९७१ च्या युद्धात ईस्टर्न कमांडचे चीफ ऑफ स्टाफ असलेले आणि ढाक्याच्या शरणागतीची बोलणी करणारे लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब पुढे पंजाबचे राज्यपाल आणि म्हणून या शहराचे प्रशासक होते. त्यातला ‘आर’ म्हणजे रफाएल. कलकत्त्याचं बगदादी ज्यू घराणं. आणि ‘जेकब’ म्हणजे याकोब, ज्याची गोष्ट आपल्या विषयाच्या अगदी मध्यभागी आहे. उत्पत्तीच्या बत्तिसाव्या अध्यायात तो रात्रभर एका अनोळखी पुरुषाशी झुंजतो. पहाटे तो अनोळखी याकोबला नवं नाव देतो, इस्राएल. याकोब उलट विचारतो, तुझं नाव काय? उत्तर मिळत नाही, आशीर्वाद मिळतो. मुलाला माझा पहिला प्रश्न हाच आहे की ज्याच्या नावावरून सगळ्या राष्ट्राला नाव पडलं, त्याला विचारूनही ते नाव सांगितलं गेलं नाही, तर त्याचं काय करायचं?

आता नावाकडे येऊ. चार अक्षरं : योद, हे, वाव, हे. उजवीकडून डावीकडे. हिब्रू बायबलात ही चौकडी सुमारे ६,८०० वेळा येते, ‘एलोहीम’च्या दुपटीहून जास्त.

हिब्रू मुळात व्यंजनांचीच लिहीत. स्वर वाचणाऱ्यानं घालायचे. आपल्याकडे समजा कुणी नुसतं ‘क-ळ’ लिहिलं. काळ? केळ? कुळ? कळ? संदर्भ असेल तर कळतं, आणि रोजच्या वापरातला शब्द असेल तर प्रश्नच येत नाही. पण शब्द रोज तोंडात असणंच थांबलं तर? नेमकं तेच झालं. ज्यू परंपरेत या नावाचा आदर इतका वाढला की ते उच्चारणं बंद झालं. जेरुसलेमच्या मंदिरात महायाजक वर्षातून एकदा, योम किप्पुर म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, ते मोठ्यानं उच्चारत असे. इ. स. ७० मध्ये रोमन फौजेनं मंदिर पाडलं आणि तोही प्रसंग संपला.

हे ऐकून कुणाला विचित्र वाटेल, पण मराठी माणसाला वाटू नये. माझ्या आजीनं आजोबांचं नाव कधी घेतलं नाही. ‘अहो’, ‘इकडून’, ‘घरातले’. आजोबांचं नाव पांडुरंग, म्हणून पंढरीच्या देवालासुद्धा ती फक्त विठोबा म्हणायची, पांडुरंग नाही. रेशनकार्डाच्या वेळी कारकुनानं नवऱ्याचं नाव विचारलं तर शेजारणीला पुढे करायची. आणि हळदीकुंकवाला, बारशाला, डोहाळजेवणाला मात्र उखाण्यात गुंफून तेच नाव सगळ्यांसमोर घ्यायची. एरवी मुका असलेला शब्द ठरलेल्या दिवशी उघडायचा. आजीला आजोबांचं नाव माहीत नव्हतं, असं कुणी म्हणेल का?

ज्यू वाचक चार अक्षरांपाशी आला की ‘अदोनाय’ म्हणतो, म्हणजे ‘माझे स्वामी’. इतर वेळी बोलण्यात ‘हाशेम’, म्हणजे नुसतं ‘ते नाव’. आकड्यांतसुद्धा ही सावधगिरी आहे. हिब्रूत अक्षरंच आकडे म्हणून वापरतात. योद दहा, हे पाच, वाव सहा. मग पंधरा म्हणजे योद-हे व्हायला हवं आणि सोळा योद-वाव. पण ती देवाच्या नावाची अक्षरं होतात, म्हणून पंधरा लिहिताना नऊ अधिक सहा आणि सोळा लिहिताना नऊ अधिक सात करतात. आजीच्या विठोबासारखंच.

मृत समुद्राजवळच्या कुमरान गुहांत १९४७ पासून ज्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांतल्या काहींत सगळा मजकूर त्या काळच्या अक्षरात आहे आणि ही चार अक्षरं तेवढी जुन्या, वापरातून गेलेल्या हिब्रू लिपीत काढली आहेत. बाळबोध मजकुरात मध्येच एक शब्द मोडीत लिहावा तसं. वाचणाऱ्याला इशारा : इथं थांब.

मग ‘यहोवा’ हे रूप कुठून आलं? इ. स. सहाव्या ते दहाव्या शतकांत मासोरा पंडितांनी मजकुरात स्वरांच्या खुणा घातल्या. या चार अक्षरांपाशी आल्यावर त्यांनी खुणा घातल्या त्या ‘अदोनाय’च्या, वाचकाला आठवण राहावी म्हणून : लिहिलंय एक, म्हणायचंय दुसरं. ज्यू वाचकाला ही खूण ठाऊक होती. युरोपातल्या ख्रिस्ती वाचकांनी पुढे व्यंजनं या शब्दाची आणि स्वर त्या शब्दाचे असं एकत्र वाचलं आणि ‘यहोवा’ तयार झालं. आजचे बहुतेक विद्वान मूळ उच्चार ‘याहवे’च्या जवळपास मानतात, तोही जुन्या ग्रीक लेखकांच्या नोंदींवरून आणि व्याकरणावरून बांधलेला.

आमच्या घरापासून जवळच जिल्हा न्यायालय आहे. तिथं आधारकार्डावर एक आणि जमिनीच्या कागदावर दुसरं नाव पडलं तर प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागतं. नावातला एक काना माणसाचे दोन माणूस करतो. त्या मुलाला मी हेच विचारलं. तू ज्याला बिनचूक नाव म्हणतोस त्याचा उच्चार तुझे दोन प्रवचनकारच दोन तऱ्हांनी करतात. देव जर सेक्टर ४३ मधला कारकून असेल, तर तुझाही अर्ज परत येईल.

नावाच्या अर्थाची गोष्ट त्या उच्चारापेक्षा कितीतरी मोलाची आहे, आणि प्रवचनांत तीच राहून जाते. निर्गमच्या तिसऱ्या अध्यायात जळत्या झुडपापाशी मोशे विचारतो, लोकांना तुझं नाव काय सांगू? उत्तर येतं ते नाम नाही, क्रियापद आहे. ‘असणे’ या धातूचं प्रथमपुरुषी रूप, ‘एह्ये’. हिब्रूचा हा काळ असा आहे की त्याचं मराठी ‘मी आहे’ असंही होतं आणि ‘मी असेन’ असंही. चार अक्षरं त्याच धातूच्या तृतीयपुरुषाशी जोडली जातात : जो असतो, किंवा जो असायला लावतो. ग्रीक भाषांतरकारांनी त्यातलं ‘आहे’ घेतलं आणि ख्रिस्ती तत्त्वज्ञानानं त्यावर ‘शुद्ध अस्तित्व’ असा मोठा इमला बांधला. पण प्रसंग पाहिला तर मोशे फारोकडे जायला घाबरलाय, आणि त्याच्या आधीच्याच वाक्यात देवानं तेच क्रियापद वापरून त्याला सोबतीचं आश्वासन दिलंय. त्यामुळे मला ‘असेन’ जवळचं वाटतं. धास्तावलेल्या माणसाला तत्त्वज्ञान कुणी सांगत नाही. कंपनी कमांडर सांगतो, मी असेन तिथं.

फौजी माणसाला आवडणारी पदवी म्हणजे ‘त्सवाओथ’. ‘त्सावा’ म्हणजे सैन्य. आजच्या इस्राएलच्या सेनादलाच्या नावातही हाच शब्द आहे. मराठी बायबलमध्ये ‘सेनाधीश परमेश्वर’. सेना कुणाची? कधी इस्राएलची, कधी ताऱ्यांची, कधी देवदूतांची. नव्या करारात हा शब्द दोनदा ग्रीक अक्षरांत तसाच ठेवलाय, ‘साबाओथ’, आणि लॅटिन मिस्सेच्या प्रार्थनेतूनही तो तसाच घुमत राहिला. ज्यांना ही पदवी ऐकून युद्धाचा उत्साह चढतो त्यांना एक सांगतो : याकोबाच्या पत्रात ती येते ती मजुरांची मजुरी बुडवणाऱ्या जमीनदारांविरुद्ध.

आता अक्षरांच्या जादूबद्दल. तुम्हीही हा व्हिडिओ पाहिला असेल. योद म्हणजे हात, हे म्हणजे पाहा, वाव म्हणजे खिळा. म्हणून चार अक्षरांत दडलेला संदेश : हात पाहा, खिळा पाहा. म्हणजे वधस्तंभ आधीच नावात लिहिलेला! ऐकायला अंगावर काटा येतो. अर्धं खरंही आहे. ‘योद’ हा हातासाठीच्या शब्दाशी जोडलेला आहे, ‘वाव’ म्हणजे आकडा किंवा खुंटी, आणि अक्षरांची मूळ रूपं चित्रांतून आलेली आहेत. पण अक्षराच्या नावावरून शब्दाचा अर्थ लागत नाही. आपण शाळेत ‘घ घड्याळाचा, र रथाचा’ शिकलो. म्हणून ‘घर’ म्हणजे घड्याळ लावलेला रथ नव्हे. हीच रीत लावली तर या अक्षरांचा कुठलाही शब्द कुठंही नेऊन ठेवता येईल. ख्रिस्ती श्रद्धेला याची गरज नाही आणि हिब्रूवर हा अन्याय आहे.

अक्षर खरोखर कुठं जपलंय ते पाहायचं तर आपल्या कोकणात या. बेने इस्राएल, अलिबाग-नवगाव परिसरातली परंपरा : पूर्वजांचं गलबत फुटलं, वाचलेले किनाऱ्याला लागले, तेल गाळायचा धंदा धरला आणि शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. ग्रंथ गेले, भाषा गेली. सुंता, शब्बाथ, काही सण आणि एक ‘शमा’ तेवढी राहिली. ‘शमा’ म्हणजे ‘ऐक’. अनुवादच्या सहाव्या अध्यायातलं ते छोटं वाक्य, इस्राएलला सांगणारं की आपला देव एकच आहे. जन्म, लग्न, मरण, सगळ्याला तेच एक. त्यात ती चार अक्षरं दोनदा येतात आणि तोंडानं दोन्ही वेळा ‘अदोनाय’ म्हटलं जातं. म्हणजे या लोकांनी नाव न उच्चारता नाव टिकवलं, ग्रंथाशिवाय, शतकानुशतकं, मराठी बोलत.

तोराच्या हस्तलिखितात या वाक्याची दोन अक्षरं मोठी काढतात : पहिल्या शब्दाचं शेवटचं आयिन आणि शेवटच्या शब्दाचं शेवटचं दालेथ. दोन्ही जोडली की ‘एद’ होतं, म्हणजे साक्षीदार. त्याखेरीज एक व्यवहारी कारणही सांगतात. शेवटचा शब्द ‘एखाद’, एक. दालेथचा कोपरा जरा गोल झाला की रेश होतं आणि शब्द ‘अखेर’ होतो, म्हणजे दुसरा. एकच देव म्हणता म्हणता दुसरा देव होऊन बसेल! लेखणीच्या एका टोकावर एवढं अवलंबून, म्हणून अक्षर ठळक. हे अक्षरांचं खरं गांभीर्य.

यांच्यातला एक फौजी माणूस सॅम्युअल इझिकेल दिवेकर, मराठीत सामाजी हसाजी. कंपनीच्या सैन्यात होता, म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडला. बेने इस्राएल म्हटल्यावर टिपूच्या आईनं शब्द टाकला आणि तो वाचला, असं सांगितलं जातं. मुंबईला परतून त्यानं १७९६ मध्ये मांडवीत सिनेगॉग बांधलं. त्याचं हिब्रू नाव ‘शआर हारहमीम’, दयेचं द्वार. ‘रहमीम’ आणि आपल्या ओळखीचा ‘रहम’ एकाच घराण्यातले. हिब्रूत ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय. देवाला दयाळू म्हणताना ही भाषा आईच्या कुशीचा शब्द काढते. जॉन विल्सननं १८३२ मध्ये याच लोकांसाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. तेव्हा कोकणी तेल्यांच्या मुलांनी ‘अलेफ, बेथ’ गिरवलं ते मराठीच्या आधारानं.

आता परमेश्वर. मुलाचा मुख्य आरोप हाच, की लपवलं. इंग्रजी बायबलवाल्यांची सोय अशी की चार अक्षरं असली की ‘लॉर्ड’ सगळा मोठ्या अक्षरांत छापायचा आणि ‘अदोनाय’ असलं की फक्त पहिलं अक्षर मोठं. देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नाहीत. मराठी भाषांतरकारांना शब्दच वेगळे करावे लागले : एलोहीम तो देव, अदोनाय तो प्रभू, आणि चार अक्षरं म्हणजे परमेश्वर. म्हणजे जुन्या करारात जिथं जिथं ‘परमेश्वर’ दिसतो तिथं तिथं मागे ते नाव आहे, हे मराठी वाचकाला कानानं कळतं. इंग्रजी वाचन ऐकणाऱ्याला ते कळत नाही. स्तोत्र ११० च्या पहिल्या वाक्यात एक स्वामी दुसऱ्या स्वामीशी बोलतो. ग्रीकमध्ये दोघेही ‘कुरिऑस’, घोटाळा. मराठीत एक परमेश्वर आणि एक प्रभू. चोख. याला लपवणं म्हणायचं?

उणीव आहे ती दुसरीकडे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत यहुद्यांनी ग्रीक भाषांतर केलं. त्याच्या आपल्यापर्यंत आलेल्या ख्रिस्ती प्रतींत चार अक्षरांच्या जागी ‘कुरिऑस’ आहे, आणि नवा करार तोच शब्द येशूसाठी वापरतो. पौल रोमकरांच्या पत्रात योएलचं एक वचन घेतो. योएलमध्ये मराठी वाचकाला ‘परमेश्वर’ भेटतो, पौलाकडे ‘प्रभू’. मूळ ग्रीक वाचकाला कळत होतं की देवाच्या नावाच्या जागचा शब्द इथं येशूला लावलाय. ख्रिस्ती धर्मशास्त्राची सगळी धग या एका शब्दात आहे, आणि ‘प्रभू’ म्हणताना ती निवते. ‘ख्रिस्त’ हेही असंच. लोक आडनाव समजतात. ती नेमणूक आहे : मशीहा, अभिषिक्त, तेल ओतून नेमलेला.

‘परमेश्वर हा आमचा शब्द, यांनी कसा घेतला?’ असं विचारणारेही मला भेटतात, ते वेगळ्या बाजूचे. त्यांना मी महानुभावांची आठवण देतो. तेराव्या शतकापासून मराठीत ‘देवता’ वेगळ्या आणि ‘परमेश्वर’ वेगळा असा काटेकोर भेद त्यांनी केला. ते पंजाबातही आले, इथं त्यांना जयकृष्णी म्हणतात. नामदेवांची एकसष्ट पदं ग्रंथसाहिबात आहेत आणि त्यांत विठ्ठल पंजाबी कानांना ‘बीठल’ होऊन ऐकू येतो. इथल्या चर्चमध्ये ‘रब’ आणि ‘खुदावंद’ चालतं. अरब ख्रिस्ती ‘अल्ला’ म्हणतात. चीनमध्ये ‘शेन’ म्हणावं की ‘शांगदी’ यावर मिशनरी इतके भांडले की बायबलच्या दोन वेगळ्या आवृत्त्या छापाव्या लागल्या, आजही छापतात.

आपल्याकडे या शब्दांशी सर्वांत जिवानिशी झगडली ती पंडिता रमाबाई. जिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या संस्कृतच्या बळावर मिळाल्या, तिनं उतारवयात हिब्रू आणि ग्रीकवर घाम गाळून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये सगळं बायबल मराठीत केलं, संस्कृतप्रचुर शब्द टाळून, बायाबापड्यांना कळेल असं. छपाई तिथल्याच स्त्रियांनी केली. ५ एप्रिल १९२२ ला ती गेली, ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. शब्द बदलायला हवेत असं वाटणाऱ्यानं काय करायचं असतं, ते तिनं दाखवलं. भाषा शिकायची आणि बसून काम करायचं. जेवताना आईला टोचायचं नाही.

व्हॅटिकननं तर २००८ मध्ये बिशपांना कळवलं की चार अक्षरांचा तो उच्चार उपासनेत आणि गाण्यांत वापरू नका, ‘प्रभू’ म्हणा, जुनी रीत तीच.

एवढं सगळं मी मुलाला लिहून पाठवलं. शेवटी एक गोष्ट घातली. तुझी आई दर रविवारी ‘हालेलूया’ म्हणते ना? ‘हालेलू’ म्हणजे स्तुती करा. आणि शेवटचा ‘या’ म्हणजे योद-हे, त्या नावाचंच लघुरूप. आजोबांचं नाव तूच सांगितलं होतंस, योहान. योहानान, म्हणजे याह कृपाळू आहे. मत्तय म्हणजे याहची देणगी. आणि येशू हे येशुआचं, येशुआ हे यहोशुआचं आखूड रूप. याह तारण करतो. तुमच्या घरात ते नाव पाळण्यापासून म्हटलं जातंय.

मुलाचं उत्तर आलेलं नाही. आईचा फोन मात्र परवा आला. म्हणाली, “जेवणाआधी प्रार्थनेला थांबतो आता. पण तोंड मिटून. चालेल का साहेब?”

म्हटलं, त्या नावापाशी आल्यावर ज्यू लोक दोन हजार वर्षं तेच करत आलेत.

“बरं,” ती म्हणाली, “मग राहू दे. मी म्हणते माझं मोठ्यानं.” आणि मग नेहमीसारखी माझ्या गुडघ्याची चौकशी केली.